माझ्याकडं बरोबर दिसतंय

सन दोन हजार बावीस. सोनवळे साहेब तेव्हा चौतीस वर्षांचे होते आणि मी एकाहत्तरचा. वयं मुद्दाम सांगतो, कारण पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले होते, "आजोबा, जरा बाजूला बसा, इथं टेक्निकल काम आहे." ज्या जागेवरून मला बाजूला बसवलं ती जागा माझी. सातबाऱ्यावर माझं नाव आहे. मोशीच्या पुढं रस्त्याला लागून माझं वावर होतं, त्यात आता कारखान्याच्या बसगाड्या उभ्या राहतात. गाड्यांच्या मालकाला जागा देताना मी अट घातली होती की अड्ड्यावर मुकादम मीच राहणार. तेव्हा अड्ड्यावर दोघांचंच चालतं, मालकाचं आणि माझं, आणि मालक अड्ड्यावर फारसा येत नाही.

मी बाजूला बसलो नाही, हे सांगायला नकोच.

शिक्षण माझं चौथीपर्यंत. पाचवीचे मास्तर वर्गात माझ्या बापाबद्दल वाकडं बोलले, मी दप्तर उचललं आणि घरी आलो. मास्तर समजूत काढायला घरी आले तरी परत गेलो नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. लिहिता येतं, वाचता येतं, माणूस ओळखता येतो. सोनवळे साहेब मला पहिल्या दिवशी ओळखता आले. मला ओळखायला त्यांना वर्ष लागलं. एवढाच आमच्या शिक्षणातला फरक.

आता यंत्राचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गाड्या चाकणच्या एका कारखान्यात माणसं नेतात. मोटारींच्या सीटांची कव्हरं शिवायचा कारखाना, त्यामुळं बायका जास्त. पूर्वी मी दाराशी उभा राहायचो, तोंड बघायचो आणि गाडीत सोडायचो. एकदाही चुकीचा माणूस चाकणला गेला नाही. पण कारखान्याला तोंडावर विश्वास नव्हता. त्यांनी हुकूम काढला की गाडीच्या दाराशी यंत्र बसवा. माणसानं कार्ड लावायचं, यंत्रानं कारखान्याच्या कॉम्प्युटरला विचारायचं की हा कोण, आज याची पाळी आहे का. तिकडून नाव यायचं. कार्डावरचं नाव आणि आलेलं नाव जुळलं की हिरवा दिवा, नाही जुळलं की लाल. आणि हिरवा दिवा लागला की तीच दिवसाची हजेरी. कारखान्याच्या दारात वेगळी हजेरी नाही.

ही यंत्रं बसवायचं काम सोनवळे साहेबांना मिळालं. सांगवीत एका मिठाईच्या दुकानावर दोन खोल्यांत त्यांची कंपनी होती. कंपनी म्हणजे ते स्वतः, एक एसी आणि एक बोर्ड. बोर्ड खोल्यांपेक्षा मोठा. गळ्यात कायम ओळखपत्र. मी एकदा जवळून बघितलं. फोटो त्यांचा, कंपनी त्यांची, खाली सहीही त्यांचीच. म्हणजे आपण कोण आहोत हे त्यांनी स्वतःच स्वतःला लिहून दिलं होतं.

बसण्याआधी खुर्चीवर रुमाल अंथरायचे. माझ्या खुर्चीवर! ज्या खुर्चीवर मी रोज बसतो त्या खुर्चीवर. मग मीही त्यांच्या देखत, ते उठले की खुर्ची फडक्यानं पुसायला लागलो. दोन फोन बाळगायचे. एक वाजायचा, दुसरा कधीच वाजायचा नाही, पण कानाला जास्त वेळ दुसराच असायचा. बोलणं 'बेसिकली'नं सुरू व्हायचं. "बेसिकली चहा नको." "बेसिकली ऊन फार आहे." बायकांनी त्यांचं नावच बेसिकली साहेब ठेवलं होतं, आणि त्यांना वाटायचं बायका इंग्रजी शिकायला लागल्या.

दुसरा शब्द 'सर्व्हिस'. सर्व्हिसला विचारावं लागतं, सर्व्हिस उत्तर देत नाहीये, सर्व्हिस आज हळू आहे. बरेच दिवस मी समजत होतो, ही कारखान्यातली कुणी बाई आहे. शेवटी विचारलं, "काय वं साहेब, ही सर्व्हिस बाई दिसती कशी? सारखी आजारी दिसती."

बबन ड्रायव्हर हसून हसून स्टिअरिंगवर पडला. साहेब हसले नाहीत. त्यांना हसू यायचं ते स्वतःच्या विनोदाला, आणि तो इंग्रजीत असायचा.

कुठल्याही रोगावर त्यांचं औषध एकच. बंद करून चालू करा. यंत्र अडलं, बंद करून चालू करा. फोन अडला, बंद करून चालू करा. एकदा बबनच्या गाडीचा सेल्फ गेला होता. गाडी एकदा चालू झाली की तो ती बंदच करायचा नाही, उभी असली तरी इंजिन घरघरत ठेवायचा. साहेब यंत्र बघायला आत चढले. यंत्राचा दिवा मिणमिणत होता. त्यांनी बबनला हुकूम सोडला, "बेसिकली गाडी एकदा बंद करून चालू करा."

बबन म्हणाला, "साहेब, बंद व्हईल. चालू व्हनार न्हाई."

"तुम्ही करा हो. पॉवर रिसेट होते."

बबननं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. करायचं तर करू द्यावं. बबननं चावी फिरवली, गाडी गप झाली आणि गपच राहिली. दुपारची पाळी सगळी खाली उतरली आणि धक्का मारायला लागली. साहेबही मारत होते, कारण बायकांनी त्यांना मध्ये घेऊन उभं केलं होतं. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉप, दोन्ही हात गाडीच्या पाठीवर. पहिल्या पाळीवरून नुकतीच परतलेली सुरेखा मागून ओरडत होती, "जोर लावा साहेब, जोर! आज सर्व्हिस आपल्यालाच करायचीय!"

सुरेखा वाकळे म्हणजे आमच्या पहिल्या पाळीतली. जालन्याकडची. नवरा भोसरीत लेथवर, ती कारखान्यात शिलाईवर, अजून कच्ची. कारखान्याची रीत अशी की कच्च्या माणसानं ठरलेली मुदत एकही खाडा न करता भरली तर त्याला कायम करतात. एक खाडा पडला की मोजणी परत पहिल्यापासून. सुरेखानं तापात पाळ्या भरल्या होत्या. गावाकडं सासऱ्याचं कार्य होतं तेव्हा रात्रीची गाडी पकडून दुसऱ्या सकाळी सरळ अड्ड्यावर उतरली होती, पिशवीसकट. तोंड मात्र असं की कुणाला सोडायची नाही. मालकालाही नाही.

साहेबांना तिनंच पकडलं. ते स्वतःला पुण्याचे म्हणवायचे. बोलणं सदाशिव पेठेत इस्त्री करून आणल्यासारखं. पण राग आला की इस्त्री मोडायची. एकदा यंत्राची वायर उंदरानं कुरतडली आणि ते फोनवर कुणावर तरी भडकले, "अरे किती दिवस झालं सांगायलो मी तुला! ऐकायलास का न्हाईस?"

सुरेखा कान टवकारून उभी राहिली. "साहेब, तुमी तर आमच्याकडचेच की वो! परभणी का हिंगोली?"

"आम्ही पुण्याचे," साहेब म्हणाले. एकदम इस्त्री.

"बरं बरं. पुन्यात पण असं बोलायलेत म्हना आता."

परभणीच होती, हे पुढं बबननं काढलं. गाव लपवायचं कारण मला कधी कळलं नाही. माझं गाव तर माझ्यापासून कुणी लपवू शकलं नाही, चारी बाजूंनी कारखाने आले तरी.

आता खरी गोष्ट. यंत्रं बसली, नारळ फुटायचा होता, पहिल्या बाईनं कार्ड लावलं. पडद्यावर नाव यायला हवं होतं, आलं भलतंच. इंग्रजी ए, त्याच्या डोक्यावर तिरपी रेघ, मग पैशाचं कुठल्या तरी परदेशातलं चिन्ह, मग पुन्हा तोच ए, पुन्हा रेघ. ओळभर असं. लाल दिवा. दुसरी बाई, तेच. तिसरी, तेच. "हे कुठल्या देशाचं हाय?" "माझं नाव येवढं लांब कवा झालं?" असा गलका झाला.

साहेबांनी पडदा बघितला, डोळे बारीक केले, लॅपटॉप उघडला, बघितलं आणि म्हणाले, "माझ्याकडं बरोबर दिसतंय."

हे वाक्य मी पुढं वर्षभर ऐकलं. त्यांच्या लॅपटॉपवर खरंच बरोबर दिसत होतं, सुरेखा वाकळे, स्वच्छ मराठीत. ते लॅपटॉप गोल फिरवून सगळ्यांना दाखवत होते, नवरीमुलगी दाखवल्यासारखा.

मी म्हणालो, "मग यंत्र काढा आनि तुमचा लॅपटॉपच बांधा गाडीला."

"नाना, प्रॉब्लेम आपल्याकडून नाही. वरून येतंय."

"वरून म्हंजे?"

"सर्व्हिसकडून."

"मंग वर सांगा की."

वर सांगायची अडचण होती. काम घेताना कारखान्याच्या बैठकीत त्यांनी छातीठोक सांगितलं होतं की आमची चाचणी झाली, सगळं ओके आहे. चाचणी त्यांनी स्वतःच्या नावावर केली होती, आणि त्यांचं नाव कारखान्याच्या कॉम्प्युटरात इंग्रजी अक्षरांत होतं. इंग्रजी अक्षरांना काही होतच नव्हतं. रोग सगळा मराठीला. आता वर कळवायचं म्हणजे आधी कबूल करायचं की मराठी नाव एकदाही लावून बघितलं नव्हतं. कव्हर शिवणाऱ्या बायकांच्या गाडीला यंत्र लावायचं आणि बाईचं एक नाव लावून बघायचं नाही! पण इंग्रजीत शिकलेल्या माणसाच्या हे डोक्यातच येत नाही. हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

वर कळवण्याऐवजी त्यांनी खाली तोडगे काढले. पहिला तोडगा, सगळ्यांनी नावं इंग्रजीत करून घ्या. कार्डंही नवी. मी म्हणालो, माझं कार्ड मराठीतच राहणार, माझ्या बापानं नाव ठेवलं तेव्हा साहेबाला विचारलं नव्हतं. दुसरा तोडगा, नावं काढूनच टाकू, प्रत्येकाला एक नंबर देऊ.

सुरेखा म्हणाली, "नंबर येरवड्यात देत्यात साहेब. आमी अजून काय केलं न्हाई."

तिसरा तोडगा त्यांनी मला समजावून सांगितला. तो मला समजला, हे त्यांचं कौतुक, कारण तोपर्यंत त्यांचं एकही वाक्य मला समजलं नव्हतं. त्या दिवशी मी चाकणच्या बाजारातून आणलेल्या कांद्याच्या पोत्यावर बसलो होतो. त्यांचा खुर्चीवर रुमाल अंथरून झाला होता. ते म्हणाले, "नाना, समजा पोत्यात कांदा आहे. पण पोत्याला चिठ्ठी लावलीय बटाट्याची. घेणारा आंधळा आहे, तो चिठ्ठी बघून आतला माल बटाटा म्हणूनच काढतो. मग काय होणार?"

"भाजीची वाट लागनार."

"तेच होतंय. सर्व्हिस नाव बरोबर पाठवते. पण उत्तराच्या माथ्यावर चिठ्ठी लावते, ही अक्षरं अमुक लिपीची. चिठ्ठी चुकीची. आपलं यंत्र चिठ्ठीवर विश्वास ठेवतं."

"आनि तुमचा लॅपटॉप?"

"तो चिठ्ठी बघत नाही, माल बघतो."

"मंग तो यंत्रापेक्षा शाना हाय. तर मग कारखान्याला सांगून चिठ्ठी बदलून घ्या."

"गरज नाही," साहेब म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले. "मी यंत्राला शिकवतो. चिठ्ठी बटाट्याची असली, तरी बटाटा म्हणून जे काही काढलं असेल ते उलटं फिरवून परत कांदा करायचं. दर वेळी. न विचारता."

मला तेव्हाच विचारावंसं वाटलं की उद्या त्यांनी चिठ्ठी नीट लावली तर? पण मी विचारलं नाही. मला टेक्निकल कामापासून बाजूला बसायला सांगितलं होतं ना.

तोडगा चालला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर नावं आली, अगदी छापल्यासारखी. हिरवे दिवे. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. मालक मुद्दाम आला, पेढे आणि हार घेऊन. साहेब पुढं झाले, मान थोडी झुकवून, डोळे अर्धे मिटून. मालकानं हार यंत्राला घातला. नारळही यंत्रापुढं फोडला. साहेबांची झुकलेली मान वर यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी यंत्राच्या हाराचा फोटो काढला, आणि यंत्राच्या मागं इंग्रजीत त्यांच्या कंपनीचं नाव होतं ते फोटोत यावं म्हणून हार थोडा सरकवला.

पुढचे महिने साहेबांचे होते. अड्ड्यावर आले की यंत्राला हात लावून बघायचे, गाईच्या पाठीवर थाप मारावी तसा. कारखान्याच्या हजेरीच्या कचेरीतल्या मॅडमचा कधी फोन आला की उभे राहून बोलायचे, "आमच्याकडून ओके आहे मॅडम." काय विचारलंय ते पूर्ण ऐकायच्या आधीच ओके. एकदा मॅडमनी फोन फक्त पत्ता विचारायला केला होता.

मग ती सकाळ आली. पहिल्या पाळीला सुरेखा सगळ्यात पुढं. तिची मुदत भरत आली होती, त्याच आठवड्यात पक्कं पत्र हातात पडायचं होतं. तिनं कार्ड लावलं. पडद्यावर प्रश्नचिन्हं. नुसती प्रश्नचिन्हं, ओळीनं, एकाला एक चिकटून. लाल दिवा.

मागच्या सगळ्या बायकांचं तेच. उत्तरेकडून आलेले दोन कामगार होते, त्यांची नावं इंग्रजी अक्षरांत होती, ते हिरवे होऊन आत जाऊन बसले. बाकीचा सगळा महाराष्ट्र बाहेर उभा. सुरेखा पडद्याकडं बघून म्हणाली, "नाना, हे यंत्र मला उलटं विचारायलंय, तू कोन म्हनून."

मी साहेबांना फोन लावला. झोपेतून उठलेले. "बेसिकली बंद करून चालू करा."

"केलं."

"थांबा, बघतो." थोडा वेळ. "नाना, माझ्याकडं बरोबर दिसतंय."

पाळीची वेळ जात होती. मी बायकांना म्हणालो, "चढा समद्या. तोंड बघून सोडतोय मी. जबाबदारी माझी." गाडी गेली. बायका वेळेवर पोचल्या, दिवसभर मशिनवर बसल्या, ठरली तेवढी कव्हरं शिवली. इकडं हजेरीच्या कचेरीत मॅडमना दिसलं की गाडीत दोनच माणसं. त्यांनी साहेबांना फोन केला, यंत्र बिघडलंय का? साहेबांनी उभं राहून सांगितलं, "आमच्याकडून ओके आहे मॅडम."

यंत्र ओके, म्हणजे बायका आल्याच नाहीत. जुन्या बायकांचं त्यांच्या सुपरवायझरनं सांभाळून घेतलं. कच्च्यांचं कोण सांभाळणार? सुरेखा मशिनवर बसून शिवत होती आणि तिकडं तिच्या नावावर खाडा पडत होता.

दुपारी साहेब अड्ड्यावर आले. लॅपटॉप उघडला, कारखान्याच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला, आणि चढ्या आवाजात सुरुवात केली की तुमची सर्व्हिस प्रश्नचिन्हं पाठवतेय. पलीकडचा पोरगेला आवाज शांत होता, मला फोनमधून ऐकू येत होता. "सर, आम्ही काल संध्याकाळी चिठ्ठी दुरुस्त केली. बरेच दिवस चुकीची जात होती. सगळ्यांना आधी मेलही केला होता. तुम्हाला काही अडचण यायला नको, उलट बरं व्हायला हवं."

चिठ्ठी हा शब्द माझा, तो हेडर म्हणाला. पण मला कळलं आणि साहेबांनाही कळलं. पोत्यात कांदा, चिठ्ठीही आता कांद्याची, आणि आमचं यंत्र शिकवल्याप्रमाणं तो नीट आलेला कांदा उलटा फिरवत बसलं होतं. न विचारता.

साहेबांनी आपला तोडगा काढून टाकला. एवढंसं काम. कार्ड लावून बघितलं, मराठी नाव, हिरवा दिवा. त्यांचा चेहरा खुलला. "झालं नाना! आता कुणाला काही कळायचं कारण नाही."

तेवढ्यात पहिल्या पाळीची गाडी परत आली. बायका उतरल्या. सुरेखा सगळ्यात शेवटी उतरली. ती ओरडत आली असती तर मला बरं वाटलं असतं.

"खाडा पडला नाना. दिवसभर शिवलं, तरी खाडा. मॅडम म्हनतेत, यंत्रात नाव न्हाई म्हंजे मानूस न्हाई. यंत्रवाल्यानं येऊन सांगावं, यंत्र चुकलं होतं, तरच खाडा काढू. पर यंत्रवाला तर म्हनला, यंत्र बरोबर हाय." मग ती साहेबांकडं वळली. "तुमी म्हनलाव का तसं?"

साहेब लॅपटॉपकडं बघत होते. "बेसिकली तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता माहीत हाय?"

"चूक टेक्निकली दोन्ही बाजूंची आहे. त्यांनी आधी चिठ्ठी चुकीची लावली होती."

"साहेब, आधीचं ऱ्हाऊ द्या. आज कुनाची?"

साहेबांनी लॅपटॉप मिटला.

"सांगून टाका की मग. एक वाक्य हाय."

"ते एक वाक्य नाही," साहेब म्हणाले, आणि आता आवाज चढला, इस्त्री गेली. "मी मघाशीच सांगितलंय ओके हाय म्हणून. आता जाऊन म्हणायचं चूक माझी होती? वर्षभर हा तोडगा लपवून ठेवला म्हणून? उद्या काम काढून घेतील. बोर्ड काढावा लागंल मला. समजायलंय का तुम्हाला?"

"समजायलंय," सुरेखा म्हणाली. "तुमचं नाव जायलंय, माझी नोकरी जायलीय. तुमी घरी जाऊन इचार करा, कोनाचं जास्त जायलंय." आणि ती पिशवी उचलून निघाली. बबननं तिला रस्ता ओलांडून दिला, जो तो रोज देत नाही.

मी साहेबांना काही म्हणालो नाही. म्हणायला पुष्कळ होतं, वर्षभराचं साठलं होतं. पण पडलेल्या माणसाला मी मारत नाही, तो उठल्यावर मारतो. ते रुमाल तसाच खुर्चीवर सोडून निघून गेले. मी तो उचलून पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी ते कुणाला तरी पाठवून मागवतील, आणि मी देणार नाही, असं मी ठरवलं.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. सुरेखाचा खाडा निघाला, ती आज कायम आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त बोलते. यंत्रांचं काम साहेबांकडून गेलं. आता एक मोठी कंपनी बघते. त्यांचा माणूस अड्ड्यावर येतच नाही, काही बिघडलं की फोनवर गाणं ऐकवतात. सांगवीतल्या त्या मिठाईच्या दुकानावर बोर्ड नाही, बबन बघून आला. साहेब परभणीला गेले असं कुणी म्हणतं, हिंजवडीत नोकरीला आहेत असं कुणी म्हणतं. मी चौकशी केली नाही. मी कुणाची चौकशी करत नाही.

मला त्यांचं शेवटचं दिसलेलं आठवतं ते खाडा पडला त्याच्या दुसऱ्या सकाळचं.

पहिल्या पाळीची गाडी भरत होती. नावं नीट येत होती, दिवे हिरवे. एरवी साहेब दहाच्या आत कधी दिसले नव्हते. त्या दिवशी उजाडायला रिक्षातून उतरले. दाढी नाही केलेली. हातात काहीच नाही, लॅपटॉपही नाही. सरळ माझ्याकडं आले.

"नाना, ही गाडी हजेरीच्या कचेरीपर्यंत जाते ना?"

"दारात लागती."

"मला न्या."

कार्डाशिवाय गाडीत कुणाला घ्यायचं नाही, हा कारखान्याचा नियम. बबननं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "घे."

"फोन केला तरी भागलं असतं की साहेब," मी म्हणालो. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"फोनवर माझ्या तोंडातून पुन्हा ओकेच निघेल," ते म्हणाले. "आणि मेल लिहायला बसलो तर दोन्ही बाजूंची चूक लिहीन. रात्री तीनदा तसंच लिहिलं. समोर उभं राहिलो तर कदाचित नीट बोलेन."

ते चढले. जागा एकही रिकामी नव्हती, आणि बेसिकली साहेबांना जागा द्यायला कुणी उठलं नाही. सुरेखा खिडकीशी होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, मग मांडीवर डबा घेऊन शेजारणीला कोपरानं ढकललं आणि अर्धी जागा केली.

"बसा."

"नको. उभाच बरा आहे."

"पडाल. बबन कशी चालवतो ठाव न्हाई तुमाला."

"पडू द्या," साहेब म्हणाले.

मी शिट्टी दिली. बबननं मुद्दाम हिसका मारून गाडी काढली. साहेब मागं झोकांडले, एका बाईच्या खांद्यावर आदळता आदळता वरची दांडी धरली, आणि गाडी चाकणच्या रस्त्याला वळेपर्यंत मागच्या काचेतून मला त्यांचा तेवढा वर केलेला हात दिसत होता.